तळव्यानं फिरव, म्हणाला

माझा नवरा एका हातानं गाडी चालवतो. डावा तळवा स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकवलेला आणि उजव्या हातात कॉफीचा कप, नाहीतर फोन. वळण आलं की तो स्टिअरिंग धरत नाही, टेबल पुसावं तसा तळवा गोल फिरवतो. गाडी वळते. त्याला या गोष्टीचा अभिमान आहे. लग्नाआधी पुण्यात मामाच्या गाडीतून मला फिरवायचा तेव्हाही असंच चालवायचा आणि तेव्हा मला ते आवडायचं, हे खरं आहे.

मीही एका हातानं गाडी चालवते. मला दुसरा हात नाही. म्हणजे आहे, उजव्या खांद्याला लटकलेला आहे. त्यात बांगडी घालता येते, त्याला थंडी वाजते, अधूनमधून वीज गेल्यासारख्या कळा येतात. पण त्याच्याकडून एकही काम होत नाही.

आमच्या दोघांच्या एका हातात फरक एवढाच की माझ्या हाताची परीक्षा झालेली आहे. डॉक्टरांनी तपासला, परीक्षक शेजारी बसून भर रस्त्यात बघून गेला, माझ्या लायसन्सवर त्याची नोंद आहे. त्याच्या हाताला आजवर कुणी काही विचारलेलं नाही.

आम्ही नेदरलँड्समध्ये, हार्लेमला राहतो. मी लग्न होऊन नवऱ्याच्या व्हिसावर आले, पहिली काही वर्षं घरीच होते, मग लायडनच्या सायन्स पार्कमध्ये एका लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम मिळालं. घर ते स्टेशन सायकल, मग ट्रेन, मग पुढे चालत. एका ओल्या सकाळी नदीवरच्या पुलाच्या उतारावर मागून एक फॅटबाइक आली. जाड टायरची ती इलेक्ट्रिक सायकल, त्यावर दोन शाळकरी पोरं. त्यांनी मला बाजूनं ठोकलं आणि मी खांद्यावर आपटले. हाड एकही मोडलं नाही. मानेतून हाताकडे येणाऱ्या नसा मात्र मुळातून उपटल्या गेल्या. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, बोटांत मुंग्या येतात की नाही याची वाट बघून झाली. शेवटी सर्जन म्हणाल्या, ‘‘आता आहे ते असं आहे.’’ डच लोक वाईट बातमी अशीच देतात, दार बंद करून कोट अडकवावा तशी. त्यांचा मला राग आला नाही. राग त्यानंतर येत गेला.

गणपतीला आम्ही इथल्या मराठी मंडळाच्या नेहमीच्या हॉलमध्ये गेलो. तिथे एक काकू आहेत, मुलाकडे राहायला आलेल्या. त्यांनी माझ्या पदराआडचा हात बघितला, नवऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुमचं कौतुक वाटतं हो. एवढं सगळं करता हिचं.’’

तो म्हणाला, ‘‘करायलाच हवं ना, काकू.’’

मी तिथेच उभी होते. त्या दिवशीचे मोदक मी सकाळी डाव्या हातानं वळले होते, मूठ टेबलाच्या कडेला टेकवून, एकेक करून. पाकळ्या वाकड्या आल्या होत्या, पण मोदक होते. ते कुणी केले, हे त्यानं सांगितलं नाही. मीही नाही. घरी येताना गाडीत मी त्याच्या त्या तळव्याकडे बघत बसले आणि ठरवलं की आपण गाडी चालवायची.

‘‘कशाला पण?’’ तो म्हणाला. ‘‘मी आहे ना.’’

हे वाक्य मी त्या वर्षात इतक्या वेळा ऐकलं की ते कानावर पडलं की दात आवळले जायचे. कशाला, याची उत्तरं माझ्याकडे होती. सायकल गेली होती. ट्रेनमध्ये कुणाची बॅग त्या हाताला लागली की डोळ्यांत पाणी यायचं. आमची मुलगी हॉकी खेळते, आणि इथे शनिवारी बाहेरगावी मॅच असली की पालक आळीपाळीनं पोरींना गाडीतून नेतात. अपघातानंतर पालकांच्या ग्रुपवर माझी पाळी हळूच नवऱ्याच्या नावावर गेली होती. मला कुणी विचारलं नव्हतं. वर फुलाचं चित्र टाकलं होतं.

मला शिकवायला आली ती एक सुरिनामी हिंदुस्तानी बाई. तिचे पणजोबा कधीतरी बिहारकडून बोटीनं सुरिनामला, तेव्हाच्या डच वसाहतीत, गेलेले. आमचं बोलणं डचमध्ये चालायचं, चिडली की ती तिच्या हिंदीवर जायची. ती फक्त अशा लोकांना शिकवते ज्यांच्या शरीरातलं काहीतरी गेलेलं आहे. प्रेमळ वगैरे अजिबात नव्हती. पहिल्याच दिवशी मी स्टिअरिंग कसं धरते ते बघून म्हणाली, ‘‘बुडतेयस का? सोड जरा.’’

तिच्या गाडीच्या स्टिअरिंगला डावीकडे, घड्याळात दहा वाजतात त्या जागी, एक मूठ बसवलेली होती. लहान पेरूएवढी, आपल्या अक्षावर गरगर फिरणारी. गावाकडे काही ट्रॅक्टरना असते तशी. फरक इतकाच की हिच्या अंगावर बारीक बटणं होती. सिग्नल, हॉर्न, वायपर, दिवे सगळं अंगठ्याखाली. एकच हात असताना तो सिग्नलच्या दांडीकडे गेला तर स्टिअरिंगवर कोण राहणार, म्हणून.

मला वाटलं होतं, सगळा खेळ मनगटाचा असेल. नव्हता. पाठ सरळ आणि सीट नेहमीपेक्षा पुढे घ्यायची, म्हणजे स्टिअरिंगच्या पलीकडच्या काठाला हात गेला तरी कोपर वाकलेलंच राहतं. मूठ आवळायची नाही, बोटांत सैल धरायची. जात्याचा खुंटा धरतात तशी. दळताना मनगट पिळत नाहीत, सगळा हात खांद्यापासून गोल जातो. इथेही तसंच. वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप परत यायला बघतं, तेव्हा त्याला सोडून द्यायचं नाही, बरोबर जायचं. एकदा सोडलं तर मुठीनं असा अंगठा ठेचला की नख काळं पडलं. बाई म्हणाली, ‘‘आता लक्षात राहील.’’ लायडनच्या बाहेरच्या चौकोनी पार्किंगमध्ये मी अर्धा हिवाळा इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणं घेतली. उजवा हात झोळीत बांधलेला असायचा, नाहीतर तो घरंगळून गिअरवर पडायचा आणि मला माझ्याच हाताची भीती वाटायची.

सर्वांत अवघड होती ती गोल चौकातली सायकलस्वार मंडळी. इथे गोल चौकातून बाहेर पडताना गाडीनं थांबायचं आणि सायकलला जाऊ द्यायचं. एकाच वेळी वळायचं, सिग्नल द्यायचा, आरशात बघायचं आणि खांद्यावरून मागे बघायचं. मला सायकल दिसली की पुलावरचा तो उतार आठवायचा आणि पाय ब्रेकवर गच्च बसायचा. मागचे हॉर्न वाजवायचे. बाई मागे वळून त्यांना हिंदीत काहीतरी बोलायची, जे इथे लिहिता येणार नाही.

मी पास झाले. आमच्या ऑटोमॅटिक गाडीला तशीच मूठ बसवून घेतली. आणि तिथून घरातलं भांडण सुरू झालं.

ती मूठ एका खटक्यावर निघते. नवऱ्याला ती चालवताना मध्ये यायची, त्याचा तळवा तिच्यावर अडायचा. म्हणून तो गाडीत बसला की आधी ती काढायचा. काढायला हरकत नव्हती. पण तो ती परत लावायचा नाही. कधी दाराच्या खणात, कधी सीटखाली, कधी मागे हॉकीच्या घाणेरड्या मोज्यांमध्ये. मी एका हातानं ती शोधत बसायची.

‘‘परत लावून ठेवत जा,’’ मी म्हणायची.

‘‘अगं, लक्षात नाही राहिलं.’’

‘‘चष्मा घालायचा लक्षात राहतो ना?’’

‘‘आता चष्म्याचा काय संबंध?’’

त्याला संबंध खरंच कळत नव्हता, आणि मला त्याचाच जास्त संताप यायचा. लबाडी असती तर तिच्याशी भांडता आलं असतं.

मग ब्रेडाची मॅच आली. हार्लेमहून ब्रेडा लांब. सकाळी नवऱ्यानं चालवायचं ठरलं, कारण त्याचा कॉलेजचा एक मित्र ब्रेडाला राहतो आणि दुपारनंतर त्याच्याकडे अंगणातल्या छपराखाली बार्बेक्यू होतं. तो आम्हाला मैदानावर सोडून चालत मित्राकडे जाणार, रात्री ट्रेननं येणार आणि येताना गाडी मी आणणार. मागच्या सीटवर आमची मुलगी आणि तिच्या टीममधल्या दोघी. त्यातल्या एकीच्या आईनं आधी मला वेगळा मेसेज केला होता, ‘‘उद्या तुझा नवरा चालवणार आहे ना?’’ मी हो म्हटलं. तेव्हा तिनं मुलीला पाठवलं. ती स्वतः दुसऱ्या गाडीतून, गोलकीपरचं सामान घेऊन येणार होती.

जाताना पाऊस होता. नवरा एका तळव्यावर, दुसऱ्या हातात फोन, त्यावर मित्राच्या घराचा पत्ता. पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला आणि आमची गाडी एवढी जवळ गेली की मागच्या पोरी किंचाळल्या, मग हसल्या. मी म्हटलं, ‘‘फोन ठेव.’’ तो म्हणाला, ‘‘कंट्रोलमध्ये आहे गं.’’

मॅच हरलो. पोरी भिजलेल्या, चिखलानं भरलेल्या, क्लबच्या कँटीनमध्ये तळलेले बटाटे खाऊन पार्किंगकडे निघालो. ती आई आडवी आली. चांगली उंच बाई, नेहमी हसून बोलणारी.

‘‘आता तू चालवणार?’’ तिनं विचारलं.

‘‘हो.’’

‘‘मग माझी मुलगी माझ्याबरोबर येईल. आम्ही दाटीवाटीनं बसू. हे तुझ्याविरुद्ध काही नाही हं. मला फक्त बरं वाटेल.’’

मुली ऐकत होत्या. माझी मुलगी बुटांकडे बघत होती. पालकांच्या ग्रुपवरचं ते फूल, त्या काकू, सगळं एकदम आठवलं. माझं डच रागात तुटतं, तरी मी म्हटलं, ‘‘तुझी मुलगी सकाळी एका हातानं चालवणाऱ्या माणसाबरोबरच आली. त्याच्या दुसऱ्या हातात फोन होता. मुलीला विचार, ती किंचाळली का ते. माझ्या हाताची परीक्षा झालीय. त्याची नाही.’’

मी ताठ मानेनं गाडीचं दार उघडलं आणि आत बसले.

स्टिअरिंगला मूठ नव्हती.

खणात बघितलं. सीटखाली बघितलं. मुलीनं मागचे मोजे उपसले. कुठेच नव्हती. मी त्या मोकळ्या, गुळगुळीत स्टिअरिंगसमोर बसून राहिले आणि ती बाई काचेतून बघत होती. मला वाटलं आता ती काहीतरी समजूतदार बोलेल आणि मी तिला मारीन.

मी नवऱ्याला फोन लावला. मागे गाणी, हसणं.

‘‘मूठ कुठेय?’’

‘‘कुठली मूठ? अरे हो... थांब. जॅकेटच्या खिशात आहे वाटतं. सकाळी काढली ना, ती खिशातच राहिली.’’

‘‘घेऊन ये.’’

‘‘आत्ता? अगं, कोळसे आत्ता कुठे पेटलेत. आणि मी बिअर घेतलीय, मी काही चालवू शकणार नाही.’’

‘‘तुला चालवायला नाही सांगितलं. मूठ आण.’’

मग तो आवाज खाली आणून, लहान मुलाला समजावतात तसा म्हणाला, ‘‘ऐक ना. एवढं काय त्यात? तळव्यानं फिरव. मी नाही का फिरवत? हळूहळू ये इथपर्यंत, फार लांब नाहीये.’’

मी कधी कुणावर ओरडत नाही. माझ्या माहेरी आवाज चढवणं म्हणजे अगदी खालची पातळी. त्या पार्किंगमध्ये मी ओरडले, मराठीत, अख्ख्या ब्रेडाला ऐकू जाईल असं. ‘‘मूठ नसेल तर मला चालवायची परवानगी नाही! अपघात झाला तर मी जबाबदार! गाडीत दुसऱ्यांची मुलगी आहे! सिग्नल द्यायला मी हात सोडला की स्टिअरिंग कोण धरणार, तू? तुझा एक हात हा तुझा शौक आहे रे. माझा एकच आहे! पळत ये, रांगत ये, मला नाही माहीत. मूठ घेऊन ये!’’

मी फोन बंद केला. त्या उंच बाईला एक शब्द कळला नसणार. तरी तिनं काचेतून स्टिअरिंगकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘त्यानं काढली?’’

‘‘हो.’’

‘‘गाढव आहे,’’ ती म्हणाली.

यावर आमची मैत्री झाली, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तिनं आपली मुलगी तिच्या गाडीत बसवली आणि ती गेली. दुसरी मुलगी मात्र हलली नाही. ‘‘मी तुमच्याबरोबर आलेय,’’ म्हणाली आणि माझ्या मुलीच्या शेजारी कँटीनच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या आईला मी फोन करून झालेलं सांगितलं, ती म्हणाली, ‘‘मूठ आली की निघा.’’ एवढंच.

नवरा आला तो मित्राच्या बायकोच्या सायकलवरून. पुढे टोपली असलेली, फुलं रंगवलेली बायकी सायकल. भर पावसात, जॅकेट छातीशी घट्ट धरून. उतरला, खिशातून मूठ काढून माझ्यापुढे धरली. तोंडाला बिअरचा वास.

‘‘सॉरी,’’ तो म्हणाला. ‘‘पण पोरींसमोर एवढं ओरडायची गरज नव्हती.’’

मी मूठ घेतली, खटक्यात बसवली, ओढून बघितली. एकेक बटण दाबून बघितलं. तो खिडकीत वाकून उभा होता. ‘‘मी येऊ का बरोबर?’’

‘‘नको. तुझे कोळसे विझतील.’’

काच वर केली आणि निघाले.

ब्रेडाच्या उत्तरेला मूरडाइकचा लांब पूल लागतो, खाली समुद्रासारखं पसरलेलं पाणी. त्या संध्याकाळी वारा पश्चिमेकडून आडवा येत होता. वेगाच्या रस्त्यावर मूठ धरायची नसते. ती इतकी चपळ असते की शिंक आली तरी गाडी लेन ओलांडेल. तिथे हात मुठीवरून उचलून तिच्याखाली, स्टिअरिंगच्या कडेवर ठेवायचा, कोपर दाराच्या आधाराला टेकवायचं आणि नजर दूर ठेवायची. ट्रक शेजारून पुढे जातो तेव्हा आधी वारा अडतो आणि गाडी त्याच्याकडे खेचली जाते, तो गेला की वारा पुन्हा थाडकन अंगावर येतो. दोन हात असले की हे जाणवतही नाही. एका हाताला आधीच ठाऊक असावं लागतं. मी ट्रकची सावली आरशात आली की बोटं किंचित आवळत होते आणि गेला की सैल करत होते. रागानं माझे कान तापलेले होते, पण हात शांत होता. याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं.

मागच्या मुलीला झोप लागली. माझी मुलगी पुढे माझ्याशेजारी बसली होती. मी मराठीत बोलते, ती डचमध्ये उत्तर देते, आमचं असंच चालतं. रॉटरडॅम मागे पडल्यावर ती म्हणाली, ‘‘बाबा तसा वाईट नाहीये.’’

‘‘मी वाईट म्हटलं नाही.’’

‘‘पण तू ते सगळ्यांसमोर म्हणालीस, ते बरं झालं,’’ ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

सोमवारी मी लॅबमधून लवकर निघाले आणि गॅरेजमध्ये गेले. खटका काढून टाका आणि मूठ स्क्रूनं पक्की बसवा, असं सांगितलं. गॅरेजवाला म्हणाला, मग घरच्या दुसऱ्या चालवणाऱ्याला ती अडेल. मी म्हटलं, ‘‘अडू दे.’’

अडली. पहिल्या आठवड्यात नवऱ्याच्या मनगटाला ती दोनदा लागली. आता तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरतो, कारण दुसरा मार्ग उरलेला नाही. फोन खणात राहतो. ती उंच बाई अजूनही तिच्या मुलीला माझ्या गाडीत पाठवत नाही. पालकांच्या ग्रुपवर माझी पाळी मी स्वतः परत लिहिली, तेव्हा तिनं खाली अंगठ्याचा इमोजी टाकला आणि आपल्या मुलीची सोय दुसरीकडे केली.

काही महिन्यांनी आमच्याकडे पाच-सहा मित्रमंडळी जेवायला होती. नवऱ्यानं ब्रेडाची गोष्ट काढली. त्यानं ती छान रंगवली. फुलांची सायकल, पाऊस, जॅकेटमध्ये लपवलेली मूठ, पार्किंगमध्ये ओरडणारी बायको. सगळे पोट धरून हसत होते. एक जण म्हणाला, ‘‘वहिनी, तुम्ही आणि ओरडणं? अशक्य!’’

मी आमटीची वाटी खाली ठेवली. ‘‘त्याआधी तू फोनवर मला काय सांगितलंस, तेही सांग.’’

‘‘जाऊ दे ना आता.’’

‘‘सांग. गोष्ट अर्धी राहिली.’’

तो हसत होता, मग त्याचं हसू ओसरलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला, न पिता ठेवला. ‘‘मी म्हटलं होतं,’’ तो म्हणाला, ‘‘की एवढं काय त्यात, तळव्यानं फिरव.’’

एकीनं माझ्या उजव्या हाताकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. मग कुणीतरी भात मागितला आणि बोलणं घरांच्या किमतींवर गेलं. नवऱ्यानं उठून भाताचं पातेलं आणलं, सगळ्यांना वाढलं, मला शेवटी. मी जेवले. मला भूक लागली होती.